खडकाच्या छिद्रांतला प्रवाह: स्कॅनपासून मेशपर्यंत, पायरी-पायरीने

खडकाचा मायक्रो-सीटी स्कॅन (एक्स-रेने घेतलेलं आतलं बारीक त्रिमितीय चित्र) तुमच्याकडे आहे, त्यातून पाणी कसं वाहतं हे संगणकावर पाहायचं आहे आणि शेवटी पारगम्यतेचा, म्हणजे खडकातून द्रव किती सहज जातो याचा, एक आकडा हवा आहे. या दोन टोकांच्या मधे मेश, म्हणजे जागेची लहान लहान सेलांत केलेली विभागणी, येतो आणि बहुतेकांचे आठवडेच्या आठवडे तिथेच जातात. सॉफ्टवेअरसोबतच्या माहितीत प्रत्येक सेटिंगचा अर्थ दिलेला असतो. पण गाडीभोवतीच्या हवेला किंवा पंपाला शोभणारी सेटिंग खडकाच्या छिद्रांना का चालत नाहीत, हे त्यात नसतं. ते इथे सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. मेश बिघडला की आपण मेश बनवणाऱ्या प्रोग्रॅमची, म्हणजे मेशरची, सेटिंग फिरवत बसतो. खडकाच्या बाबतीत दोष बहुधा त्याच्या आधीच शिरलेला असतो: चित्रात, छिद्रांच्या जोडणीत किंवा एककांत. म्हणून मेशरला हात लावायच्या आधीच्या पायऱ्यांवर इथे मुद्दाम जास्त वेळ घालवला आहे. त्या घाईत उरकू नका.

हा लेख छिद्रांच्या पातळीवरच्या मेशबद्दल आहे. म्हणजे खडकाचे कण मेशमधून वगळलेले, फक्त मोकळ्या जागेत सेल, आणि त्यात द्रवाच्या प्रवाहाची स्टोक्स किंवा नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं सोडवायची. संपूर्ण जलधराचा किंवा तेलसाठ्याचा मेश हे निराळं काम आहे. तिथे सेल कित्येक मीटरांचा असतो, कण दिसतच नाहीत, प्रत्येक सेलला सच्छिद्रता (मोकळ्या जागेचं प्रमाण) आणि पारगम्यता द्यावी लागते आणि प्रवाह डार्सीच्या नियमाने (दाबाच्या उताराच्या प्रमाणात) चालतो. तिथे जो आकडा बाहेरून भरावा लागतो, तोच आपल्याला इथे उत्तर म्हणून मिळवायचा आहे.

काय काय लागेल

- स्कॅनचं त्रिमितीय चित्र आणि त्याचा व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा एक घनाकृती ठिपका) किती मायक्रॉनचा आहे ती माहिती. स्वतःचा स्कॅन नसेल तर डिजिटल पोरस मीडिया पोर्टलवर (पूर्वीचं डिजिटल रॉक्स पोर्टल) किंवा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संग्रहात खुली चित्रं मिळतात.
- चित्र डोळ्यांनी पाहायला फिजी.
- पायथन, सोबत नमपाय, सायपाय आणि सायकिट-इमेज.
- मेश बनवायला आणि प्रवाह सोडवायला ओपनफोम. त्याच्या दोन शाखा आहेत, फाउंडेशनची आणि डॉट कॉमवाली. काही आज्ञांची रचना दोन्हींत वेगळी आहे, तेव्हा मदत शोधताना आपली शाखा आणि आवृत्ती कोणती ते आधी पाहा.
- निकाल पाहायला पॅराव्ह्यू.
- मेमरी. दर १० लाख सेलमागे १ ते २ गिगाबाइट धरून चाला.

आज्ञांची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ रोमन रूपात.

उदाहरणाला इम्पीरियल कॉलेजच्या संग्रहातला बेरिया वालुकाश्म घेऊ. चित्र ४०० × ४०० × ४०० व्हॉक्सेलचं, व्हॉक्सेलची बाजू ५.३४५ मायक्रॉन, सच्छिद्रता १९.६ टक्के. सगळे मिळून ६ कोटी ४० लाख व्हॉक्सेल होतात आणि त्यांतले सव्वा कोटी छिद्रांचे. एका व्हॉक्सेलला एक सेल दिला तरी सव्वा कोटी सेल, आणि प्रत्येक दिशेने एकदा दुप्पट बारीक केलं तर दहा कोटी. म्हणून शिकताना पूर्ण चित्राला हात घालू नका. २०० व्हॉक्सेलचा घन कापून घ्या, म्हणजे एका बाजूला १.०६९ मिलिमीटर.

१. चित्र वाचलं गेलंय ते बरोबर आहे का, हे आधी पाहा

रॉ फाइलमध्ये स्वतःबद्दल काहीच लिहिलेलं नसतं. ८ बिट की १६ बिट, बाइटांचा क्रम कोणता, सुरुवातीला हेडर आहे का, हे तुम्हीच सांगायचं. चुकीचं सांगितलं तर चित्र तिरपं, पट्ट्यापट्ट्यांचं किंवा मुंग्या आल्यासारखं दिसतं. फिजीत उघडून तिन्ही दिशांचे काप डोळ्यांखालून घाला.

चित्र आधीच दोन रंगांत विभागलेलं असेल तर सरासरी काढा. बेरियासारख्या खडकात छिद्रांना १ दिलं असेल तर सरासरी ०.२ च्या जवळ यायला हवी. ०.८ आली तर १ म्हणजे कण आहेत. हे न पाहता पुढे गेलात तर छिद्रांऐवजी कणांचा मेश तयार होईल. तो दिसायला अगदी व्यवस्थित असतो, म्हणूनच हा सापळा वाईट.

अक्षांचा क्रमही इथेच नक्की करा. नमपायमध्ये पहिला अक्ष बहुधा झेड असतो, मग वाय, मग एक्स. पुढे पृष्ठभाग काढताना शिरोबिंदू त्याच क्रमाने बाहेर पडतात. ते तसेच एसटीएल (त्रिकोणांचा पृष्ठभाग साठवणाऱ्या) फाइलमध्ये लिहिले की एक्स आणि झेड यांची अदलाबदल होते. खडकाची पारगम्यता दिशेनुसार बदलत असेल, तर तुम्ही एका दिशेचं उत्तर दुसऱ्या दिशेच्या नावावर लिहाल. स्तंभांची अदलाबदल करून मगच फाइल लिहा.

२. छिद्र आणि कण वेगळे करा

करड्या छटांचं चित्र असेल तर आधी त्यातला आवाज (नॉइज, म्हणजे खोटे ठिपके) कमी करा. ३ × ३ × ३ चा मीडियन फिल्टर साध्या वालुकाश्माला पुरतो. नॉन-लोकल मीन्स कडा जास्त चांगल्या जपतो, पण वेळ घेतो. मग थ्रेशोल्ड, म्हणजे छिद्र आणि कण वेगळे करणारी छटेची मर्यादा. १९७९ मध्ये मांडलेली ओत्सूची पद्धत छटांच्या आलेखात दोन ठळक शिखरं असतील तर चांगली चालते. मधे चिकणमाती किंवा फेल्डस्पारच्या छटा आल्या की वॉटरशेड पद्धतीकडे वळा.

थ्रेशोल्ड एकदा ठरवून मोकळे होऊ नका. तो दोन्ही बाजूंना थोडा सरकवा आणि सच्छिद्रता किती हलते ते लिहून ठेवा. फार हलत असेल तर तुमच्या अंतिम पारगम्यतेवर तेवढी अनिश्चितता बसलेली आहे, आणि पुढे कितीही सुंदर मेश बनवला तरी ती जात नाही. त्याच खडकाची प्रयोगशाळेत मोजलेली सच्छिद्रता मिळाली तर तिच्याशी ताडून पाहा. स्कॅनला न दिसणारी बारीक छिद्रं प्रयोगशाळेच्या आकड्यात असतात, त्यामुळे चित्राची सच्छिद्रता थोडी कमी येणं साहजिक आहे.

शेवटी एकटे पडलेले ठिपके काढा. छिद्रात तरंगणारा चार-पाच व्हॉक्सेलचा कण खरा नसतो, तो आवाजाचा उरलेला भाग असतो. मेशर मात्र त्याच्याभोवती इमानदारीने सेल वाकवत बसतो.

३. जोडणी तपासा

ही पायरी नवखे हमखास वगळतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छिद्रांची अखंड वाट आहे का? सायपायच्या लेबल फंक्शनने छिद्रांचे जोडलेले गट मोजा. पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही कापांत ज्या गटाचा क्रमांक सापडतो तो ठेवा, बाकीची छिद्रं कण म्हणून भरून टाका.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. शेजारी कोणाला म्हणायचं? समोरासमोरच्या पृष्ठाने चिकटलेले ६ शेजारी, की कडा आणि कोपरेसुद्धा धरून २६? सायपाय काही न सांगता ६ धरतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. ओपनफोम वापरतं त्या मर्यादित आकारमान (फायनाइट व्हॉल्यूम) पद्धतीत द्रव एका सेलमधून दुसऱ्यात जातो तो त्यांच्या सामाईक पृष्ठातून. नुसत्या कोपऱ्याने टेकलेल्या दोन सेलमध्ये पृष्ठच नाही, मग वाहणार कुठून? २६ शेजारी धरून "वाट आहे" असं उत्तर आलं आणि ६ धरून "नाही" असं आलं, तर त्या चित्रातल्या चिंचोळ्या वाटा स्कॅनच्या ताकदीपलीकडच्या आहेत. तिथे जास्त बारीक स्कॅन हाच उपाय.

जोडलेल्या छिद्रांची सच्छिद्रता वेगळी लिहून ठेवा. पुढे मेश तपासताना तुलना याच आकड्याशी करायची आहे, एकूण सच्छिद्रतेशी नाही.

४. दोन्ही टोकांना मोकळी जागा जोडा

खडकाचा कापलेला पृष्ठभाग थेट प्रवेशद्वार म्हणून वापरला तर तिथे शेकडो लहानमोठी भोकं येतात आणि प्रत्येकाच्या कडेला वाकडेतिकडे सेल तयार होतात. त्यापेक्षा प्रवाहाच्या दिशेने दोन्ही टोकांना नुसत्या द्रवाचे थर जोडा. सीमा सपाट आणि स्वच्छ होतात, दाब देणं सोपं जातं.

किती थर? १० पुरतात. जास्त जोडण्याचा मोह आवरा, कारण ही मोकळी जागा महाग आहे. २०० × २०० चा काप धरला तर दोन्ही टोकांचे मिळून २० थर म्हणजे ८ लाख सेल. खडकाच्या आतले सेल, सच्छिद्रता १९.६ टक्के धरली तर, साधारण १५ लाख ७० हजार. म्हणजे एकूण सेलांचा तिसरा हिस्सा अशा जागी गेला जिथे पाहण्यासारखं काहीच नाही.

बाजूंनाही थोडी किनार लागते, पण ती द्रवाची नव्हे, खडकाचीच. कारण पुढच्या पायरीत कळेल. म्हणून चित्र कापतानाच आडव्या दोन दिशांनी २०० ऐवजी २०४ व्हॉक्सेल घ्या, आणि प्रवाहाच्या दिशेने २०० घेऊन दोन्ही टोकांना १२-१२ द्रवाचे थर जोडा. प्रत्येक बाजूचे बाहेरचे दोन-दोन व्हॉक्सेल शेवटी मेशच्या बाहेर राहणार आहेत.

५. पृष्ठभाग काढा

छिद्र आणि कण यांच्या सीमेचा त्रिकोणी पृष्ठभाग काढायला सायकिट-इमेजमधलं मार्चिंग क्यूब्स वापरा. ही पद्धत १९८७ ची आहे आणि अजूनही हेच काम करते. स्पेसिंगच्या जागी ५.३४५ द्या, म्हणजे शिरोबिंदू मायक्रॉनमध्ये मिळतील. मीटरमध्ये आणण्याची घाई करू नका. का, ते सातव्या पायरीत येईल.

हे फंक्शन व्हॉक्सेलच्या मध्याला बिंदू मानतं. त्यामुळे २०४ व्हॉक्सेलचा पृष्ठभाग ० पासून २०३ पट व्हॉक्सेलपर्यंतच पोचतो, चारी बाजूंनी अर्धा-अर्धा व्हॉक्सेल कमी. शिवाय चित्राच्या कडेला तो उघडाच राहतो. किनार ठेवली ती यासाठी. मेशचा ठोकळा या उघड्या कडेच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर द्रव कणांच्या आत शिरतो.

कच्चा पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. या पायऱ्या नुसत्या दिसायला वाईट नाहीत. व्हॉक्सेलांनी बनवलेल्या गोलाचं पृष्ठफळ खऱ्या गोलाच्या दीडपट भरतं, आणि व्हॉक्सेल कितीही बारीक केले तरी ते दीडपटच राहतं, कारण सहाही दिशांनी पाहिलेल्या सावल्यांची बेरीज तेवढीच असते. खडक आणि द्रव यांच्यातली रासायनिक क्रिया पुढे अभ्यासायची असेल तर ही चूक थेट उत्तरात उतरते. म्हणून थोडं गुळगुळीत करणं आवश्यक आहे. साधं लाप्लासियन स्मूदिंग वापरू नका, त्याने कण आकसतात आणि सच्छिद्रता फुगते. ताउबिनची पद्धत आकसणं आवरते. मोजक्या फेऱ्या करा, आणि दर वेळी पृष्ठभागाच्या आतलं आकारमान पुन्हा मोजा.

फाइल बायनरी एसटीएलमध्ये लिहा. त्रिकोणामागे ५० बाइट लागतात. मजकुराच्या रूपातली एसटीएल याच्या कितीतरी पट मोठी होते आणि वाचायलाही वेळ लावते. नंतर ओपनफोमची सरफेसचेक आज्ञा चालवून सीमांचे आकडे मायक्रॉनमध्ये अपेक्षेप्रमाणे आहेत ना, ते पाहा. कडेला पृष्ठभाग उघडा असल्याची तक्रार ती करेल. ती चित्राच्या बाहेरच्या कडेवरचीच असेल तर सोडून द्या.

६. पार्श्वभूमीचा ठोकळा

ओपनफोमच्या ब्लॉकमेश आज्ञेने साधा घनाकृती मेश बनवा. सेलची लांबी, रुंदी, उंची सारखी ठेवा, कारण पुढची आज्ञा चौकोनी सेल धरूनच नीट चालते.

आकडे असे ठेवा: एक्स आणि वाय १.५ पट व्हॉक्सेलपासून २०१.५ पट व्हॉक्सेलपर्यंत, म्हणजे ८.०१७५ ते १०७७.०१७५ मायक्रॉन, आणि २०० सेल. झेड ८.०१७५ ते ११८३.९१७५ मायक्रॉन, आणि २२० सेल. या दीडचा फायदा मोठा आहे. असं केलं की प्रत्येक सेलचा मध्य बरोबर एका व्हॉक्सेलच्या मध्यावर बसतो, आणि पृष्ठभाग दोन मध्यांच्या मधून जातो. कोणता सेल आत आणि कोणता बाहेर, याबद्दल संदिग्धता राहत नाही. पुढे सेलांची संख्या थेट छिद्रांच्या व्हॉक्सेलांशी ताडून पाहता येते.

"पार्श्वभूमी जाड ठेवा, पृष्ठभागाजवळ बारीक करा" हा सल्ला सगळीकडे दिसेल. मोठ्या मोकळ्या जागेत ठेवलेल्या वस्तूसाठी तो उत्तम आहे. खडकात मात्र जवळजवळ सगळी छिद्रं भिंतीलगतच असतात, त्यामुळे वाचत काहीच नाही. उलट नुकसान होतं. जाड सेलपेक्षा चिंचोळी वाट अरुंद असेल तर ती वाट बुजते, आणि तिच्या पलीकडे दुसरी वाट नसेल तर तिथली सगळी छिद्रं मेशमधून गायब होतात. म्हणून पार्श्वभूमीचा सेल व्हॉक्सेलएवढाच घ्या.

पॅच, म्हणजे ठोकळ्याच्या सीमेचे भाग, तीन: प्रवेश, निकास आणि बाजू. बाजूंना स्लिप किंवा सिमेट्री द्या, म्हणजे त्यांतून द्रव बाहेर जात नाही आणि घर्षणही होत नाही.

७. स्नॅपीहेक्समेश

ही ओपनफोमची मेश बनवणारी आज्ञा. हिचं काम तीन टप्प्यांत चालतं: नको असलेले सेल कापणं, उरलेल्यांच्या कडा पृष्ठभागावर ओढून बसवणं, आणि भिंतीलगत पातळ थर घालणं. तिसरा टप्पा बंद ठेवा. छिद्रांतला प्रवाह इतका संथ असतो की भिंतीलगत पातळ सीमास्तर तयारच होत नाही, आणि अशा वेड्यावाकड्या भूमितीत थर घालायला गेलं की चांगले सेलही बिघडतात. टोकदार कडा शोधण्याची स्वतंत्र पायरीही सोडून दिली तरी चालते, खडकाच्या कणांना जपण्यासारख्या धारदार कडा नसतात.

नवख्यांना अडवणाऱ्या जागा या:

लोकेशन-इन-मेश हा बिंदू. प्रोग्रॅम या बिंदूला जोडलेला भागच ठेवतो, बाकी सगळं फेकून देतो. बिंदू चुकून कणात पडला तर छिद्रांऐवजी कण उरतात. खडकाच्या आत छिद्र शोधत बसण्यापेक्षा तो मोकळ्या थरात ठेवा, तिथे चूक होणं शक्यच नाही. फक्त तो सेलच्या पृष्ठावर पडू नये म्हणून आकडे मुद्दाम अडनिडे घ्या. आपल्या ठोकळ्यात ५०३.३, ४९७.७, ३१.९ चालतील.

मॅक्स-ग्लोबल-सेल्स, म्हणजे एकूण सेलांची कमाल मर्यादा. सोबतच्या नमुना केसमध्ये ही मर्यादा बहुधा २० लाख असते. आपला पार्श्वभूमीचा ठोकळाच ८८ लाखांचा आहे. मर्यादा ओलांडली की बारीक करणं मधेच थांबतं, आणि ते लक्षात येतं फक्त लॉग वाचणाऱ्याच्या. ५ कोटी लिहून मोकळे व्हा.

पृष्ठभागाची पातळी. एक पातळी म्हणजे सेल प्रत्येक दिशेने एकदा दुप्पट बारीक. पहिल्या वेळी किमान आणि कमाल दोन्ही शून्य द्या. मेश अखंड येतोय याची खात्री झाली की दोन्ही १ करा.

आणि मिन-व्हॉल. आतापर्यंत मायक्रॉनमध्ये राहायला सांगितलं ते याच्यासाठी. सेलचं आकारमान किती लहान चालेल याची मर्यादा नमुना फाइलींत १० चा उणे १३ वा घात अशी असते. मीटरमध्ये काम केलं तर ५.३४५ मायक्रॉनच्या धडधाकट सेलचं आकारमान भरतं १.५ गुणिले १० चा उणे १६ वा घात घनमीटर. म्हणजे एकूण एक सेल मर्यादेखाली. प्रोग्रॅम कडा पृष्ठभागावर ओढतो, आकारमान तपासतो, सगळे सेल खराब ठरवतो आणि ओढलेलं परत घेतो. शेवटी हाती पायऱ्यांचाच मेश उरतो. त्रुटीचा संदेश येत नाही. लोक मग ओढण्याच्या फेऱ्या वाढवत बसतात, सहनशीलतेचा आकडा बदलतात, पृष्ठभाग पुन्हा बनवतात. मायक्रॉनमध्ये तोच सेल १५० घनमायक्रॉनहून मोठा असतो, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

८. मेश तपासा

चेकमेश चालवा आणि "ओके" एवढंच पाहून पुढे जाऊ नका. चार ओळी वाचा.

तुकड्यांची संख्या १ हवी. जास्त असेल तर बेटं राहिली आहेत आणि त्यांत दाबाचं समीकरण अडकतं. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (शेजारच्या सेलांचे मध्य जोडणारी रेषा पृष्ठाच्या लंबापासून किती कलते) ६५ ते ७० अंशांच्या आत हवी. आतल्या पृष्ठांचा स्क्यूनेस (ती रेषा पृष्ठाच्या मध्यापासून किती दूर जाते) ४ च्या आत. चौथी ओळ कोणी बघत नाही, पण मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते: एकूण आकारमान. त्यातून मोकळ्या थरांचं आकारमान वजा करा आणि उरलेल्याला खडकाच्या घनाने भागा. ही मेशची सच्छिद्रता. ती तिसऱ्या पायरीत लिहून ठेवलेल्या जोडलेल्या सच्छिद्रतेशी जुळली पाहिजे. त्या आकड्याच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर मागे जा. मेशमध्ये कमी आली तर वाटा बुजल्या, जास्त आली तर स्मूदिंगने कण आकसले.

मग पॅराव्ह्यूत मेश मधोमध कापून त्यावर मूळ चित्राचा तोच काप ठेवून पाहा. ही तपासणी आकड्यांनी होत नाही.

९. खडकाच्या आधी नळी

क्रमाने ही पायरी इथे आली आहे, पण करताना सगळ्यांत आधी करा. ४० × ४० × २०० व्हॉक्सेलच्या कोऱ्या चित्रात १० व्हॉक्सेल त्रिज्येची एक सरळ नळी काढा आणि तिला वरच्या सगळ्या पायऱ्यांतून न्या. हिचं उत्तर कागदावर निघतं: सच्छिद्रता गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले ८. सच्छिद्रता भरते ०.१९६, म्हणजे योगायोगाने बेरियाइतकीच. पारगम्यता येते २.४५ चौरस व्हॉक्सेल, म्हणजे ५.३४५ मायक्रॉनच्या व्हॉक्सेलला सुमारे ७० चौरस मायक्रॉन किंवा ७१ डार्सी (डार्सी हे पारगम्यतेचं एकक). बेरियाची पारगम्यता एखाद-दीड डार्सीच्या घरात असते. मोकळी जागा तेवढीच, तरी द्रव कितीतरी पट सहज जातो. नळीत प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे खडकात सगळा अडसर चिंचोळ्या वाटांपाशी होतो. मेशमधली प्रत्येक काळजी शेवटी त्या वाटांसाठी आहे.

नळीची तुलना करताना दाब टोकांना मोजू नका. मोकळ्या जागेतून नळीत शिरताना आणि बाहेर पडताना जादा विरोध होतो आणि या लांबीला उत्तर काही टक्क्यांनी कमी येतं. नळीच्या आत दोन ठिकाणी काप घेऊन त्यांच्यामधला दाबाचा फरक वापरा.

१०. एकक बदला आणि चालवा

आता ट्रान्सफॉर्मपॉइंट्सने तिन्ही दिशांना १० चा उणे ६ वा घात एवढं गुणा. चेकमेश पुन्हा चालवून सीमा मिलिमीटरच्या मापात आल्याची खात्री करा. हे विसरलात तर सॉल्व्हरच्या दृष्टीने तुमचा खडक एक किलोमीटर लांब आहे.

सॉल्व्हर सिंपलफोम, प्रवाह लॅमिनार (खळबळ नसलेला). प्रवेशाला स्थिर दाब, निकासाला शून्य, कणांवर नो-स्लिप (भिंतीशी वेग शून्य). ओपनफोमच्या अदाब्य (घनता न बदलणाऱ्या) द्रवांच्या सॉल्व्हरांत दाब घनतेने भागलेला असतो, त्यामुळे पाण्यासाठी १ पास्कल द्यायचा तर ०.००१ लिहा. १ पास्कल कमी वाटेल, पण डार्सीभर पारगम्यतेच्या या तुकड्यात तेवढ्याने डार्सी वेग सेकंदाला ०.९ मायक्रॉन येतो. २० मायक्रॉनच्या छिद्रात रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि श्यानता यांच्या जोराचं गुणोत्तर) एक दहा-हजारांशाच्या आसपास. डार्सीचा नियम लागू व्हायला तो १ च्या बराच खाली हवा, तेव्हा दाब वाढवायचं काही कारण नाही.

थांबायचं कधी? रेसिड्युअलवर (समीकरणांत उरलेल्या चुकीच्या आकड्यावर) विसंबू नका. निकासातून जाणारा प्रवाह दर काही फेऱ्यांनी नोंदवा. तो हलायचा थांबला आणि प्रवेशाच्या प्रवाहाइतका झाला की थांबा.

पारगम्यता काढताना प्रवाहाला खडकाच्या पूर्ण काटछेदाने भागायचं, फक्त छिद्रांच्या क्षेत्रफळाने नाही. लांबी फक्त खडकाची, मोकळे थर सोडून. आणि दाब घनतेने भागलेला घेतला असेल तर श्यानताही कायनेमॅटिक (घनतेने भागलेली) घ्या. यांतलं एकही चुकलं तर उत्तर दिसायला विश्वासार्ह पण साफ चुकीचं येतं. मिळालेल्या चौरस मीटरांना ९.८६९ गुणिले १० चा उणे १३ वा घात याने भागलं की डार्सी.

११. बारीक करा, आणि तुकडा मोठा करा

पातळी ० वर आलेलं उत्तर अंतिम धरू नका. पातळी १ वर तोच तुकडा चालवा. चिंचोळ्या वाटेच्या रुंदीत दोनच सेल असतील तर तिथला वेगाचा आकार मेशला पकडताच येत नाही. किमान चार-पाच सेल हवेत. दोन्ही उत्तरांत फारसा फरक नसेल तर मेश पुरेसा बारीक आहे. मोठा फरक असेल तर आणखी लहान तुकड्यावर पातळी २ करून कल कुठे जातो ते पाहा.

पण मेश बारीक केल्याने चित्र बारीक होत नाही. स्कॅनमध्ये एका व्हॉक्सेलची असलेली वाट आठ सेलांनी भरली, तरी ती खरोखर किती रुंद आहे हे कोणालाच कळलेलं नसतं. मेशची चूक आणि स्कॅनची चूक वेगळ्या लिहा.

तुकड्याचा आकार हा तिसरा प्रश्न. एकाच चित्रातून वेगवेगळ्या जागचे २०० चे घन कापले तर पारगम्यता बरीच वेगवेगळी येते. सच्छिद्रता ज्या आकाराला स्थिरावते, पारगम्यता सहसा त्याहून मोठ्या आकाराला स्थिरावते. म्हणून एका तुकड्याचा आकडा खडकाचा म्हणून सांगू नका. चुनखडकांत तर याहून कठीण आहे, कारण तिथे बरीचशी छिद्रं व्हॉक्सेलपेक्षा लहान असतात. त्यांना कण म्हणून बुजवणंही चूक, मोकळी जागा म्हणणंही चूक. तिथे करड्या भागाला स्वतःची पारगम्यता देऊन डार्सी-ब्रिंकमन-स्टोक्स समीकरण सोडवावं लागतं. त्यासाठी पृष्ठभाग काढायचीही गरज नसते, पूर्ण ठोकळ्याचा मेश तसाच ठेवून प्रत्येक सेलला सच्छिद्रता द्यायची.

निकाल कोणाला पाठवाल तेव्हा त्यासोबत व्हॉक्सेलचं माप, थ्रेशोल्ड आणि तो सरकवल्यावरची सच्छिद्रता, जोडलेली सच्छिद्रता, मेशची सच्छिद्रता, पातळी ० आणि १ ची उत्तरं, प्रवाहाची दिशा आणि ओपनफोमची शाखा व आवृत्ती पाठवा. समोरच्याला तुमचा मेश पुन्हा उभारायचा असेल तर यांतलं काहीही गाळून चालणार नाही.